साक्ष देणाऱ्या स्त्रिया

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, मेणबत्त्या लावून झाल्या की जुन्या दगडांवरची अक्षरे वाचत हिंडायची मला सवय आहे. अमक्याची प्रिय पत्नी, तमक्याची माता, एवढीच तेथील कित्येक स्त्रियांची ओळख. त्या काय बोलल्या, कशासाठी भांडल्या, हे दगड सांगत नाहीत. ते पुस्तकांतच शोधावे लागते. पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनाकडे मी या ओढीने वळते. दोघी प्रॉटेस्टंट पंथाच्या. परंतु तेवढ्यावरून त्या आपल्या घरच्या कपाटाबाहेर राहू नयेत.

मराठीत ‘साक्ष’ हा शब्द श्रद्धेचा आहे, तसाच न्यायाचाही आहे. भाविक प्रभूची साक्ष देतो. न्यायासनासमोर उभा राहणाराही साक्षच देतो. या दोघींच्या लेखनातून या दोन साक्षी निरनिराळ्या काढता येत नाहीत, हे त्यांचे खरे सामर्थ्य.

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्याची साधी भाषा आणि विनोद यांचे कौतुक आजवर पुष्कळ झाले. मात्र या कौतुकात एक धोका आहे. लक्ष्मीबाई भाबड्या होत्या, असा वाचकाचा समज होतो. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचा प्रसंग पाहावा. मीठसुद्धा धुवून घेणाऱ्या या गृहस्थाचे चित्र वाचताना हसू आवरत नाही. पण त्या धुण्याचे कष्ट घरातील बायकांच्या वाट्याला येत होते, हे लेखिका विसरू देत नाही. पुढे १८९५ साली पतीने मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तिला आधी विचारले नव्हते. ती स्वतः काही वर्षांनी, आपल्या मनाने ख्रिस्ताकडे आली. पतीवरील अपार प्रेम आणि त्याने केलेला अन्याय ती एकाच शांत स्वरात सांगते. हा भाबडेपणा नव्हे. ही सत्यनिष्ठा आहे.

रमाबाईंचा स्वर निराळा, युक्तिवादाचा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोर येथील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी आपली बाजू निर्भीडपणे मांडली. १९७७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचताना जाणवते, की ख्रिस्त स्वीकारताना त्यांनी आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नव्हती. याच स्त्रीने १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे न दबलेला आवाज समाजापुढेही दबला नाही.

हा वारसा आपल्या शहरात पुढे चालला. फ्लेविया अ‍ॅग्नेस यांनी १९८० च्या दशकात स्वतःच्या संसारातील मारहाणीची कहाणी इंग्रजीत लिहिली आणि पुढे वकील म्हणून स्त्रियांच्या हक्कांसाठी काम केले. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पुरत असे. पत्नीला मात्र त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. हा भेद कायद्यातून जायला २००१ साल उजाडले. आपली धर्मसभा विवाह अतूट मानते. परंतु मार मुकाट्याने सोसणे हा त्या संस्काराचा भाग नव्हे.

पुनरुत्थानाची वार्ता घेऊन आलेल्या स्त्रियांवर प्रेषितांनीही प्रथम विश्वास ठेवला नाही, असे लूक सांगतो. त्या स्त्रियांत मरिया माग्दालिया होती. तिच्या स्मरणदिनाला २०१६ साली सणाचा दर्जा मिळाला. २०२१ साली वाचकाची सेवा स्त्रियांना अधिकृतपणे खुली झाली. आपल्या धर्मग्रामांत भगिनी प्रभूचा शब्द उत्तम वाचतात. आता त्यांचा स्वतःचा शब्द लिहिला गेला पाहिजे, आणि तो ऐकून घेण्याची तयारी आपण पुरुषांनी, धर्मगुरूंनी आणि सासवांनीही ठेवली पाहिजे. नाहीतर पुढच्या पिढीलाही शिवडीच्या दगडांवर केवळ कोणाची तरी पत्नीच वाचायला मिळेल.