शत्रूचा चेहरा : ‘हिरोशिमा’ आणि ‘फुर्योकी’

जपान व अमेरिका यांच्या युद्धावर इंग्रजींत इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांतलें वाङ्मय कोणतें व दप्तर कोणतें हें निवडतांनाच वाचक थकून जावा. आम्ही येथें दोनच पुस्तकांचा विचार करणार आहों : जॉन हर्सी यांचें ‘हिरोशिमा’ आणि शोहेइ ओओका यांचें ‘फुर्योकी’, म्हणजे युद्धकैद्याची बखर. हें दुसरें आम्हांस १९९६ च्या इंग्रजी भाषांतरांतूनच वाचतां आलें.

हर्सीच्या पुस्तकाची कीर्ति आम्हीं नव्यानें गावी असें नाहीं. ३१ ऑगस्ट १९४६ चा ‘न्यू यॉर्कर’चा सबंध अंक त्या एका लेखास दिला गेला. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळीं सहा माणसें काय करीत होतीं, येथून तो सुरू होतो. त्यांत एक कारकून स्त्री आहे. तिच्या अंगावर पुस्तकांचीं कपाटें कोसळतात. वर्षअखेरपर्यंत शहरांत सुमारें १,४०,००० माणसें मेलीं असा अंदाज आहे. पण वाचकाच्या मनांत घर करतात तीं कपाटें. भाषा अशी कोरडी कीं विशेषण शोधूनच काढावें.

तथापि ह्या पुस्तकांत मारणारा कोठेंच नाहीं. बाँब भूकंपासारखा येतो. मेरी मॅकार्थी यांनीं १९४६ मध्येंच हा आक्षेप घेतला होता व तो आम्हांस ग्राह्य वाटतो.

कारणें सांगणारे इतिहासकार तेलाचा हिशेब मांडतात, आणि तो खोटा नव्हे. जपाननें १९३१ त मांचुरिया घेतला, १९३७ त चीनवर युद्ध लादलें; जुलै १९४१ त त्याचें सैन्य दक्षिण इंडोचायनांत उतरतांच अमेरिकेनें जपानी मालमत्ता गोठविली व तेल तोडलें. जपानचें बहुतेक तेल तेथूनच येई. चीनमधून माघार घ्यावी, कीं डच ईस्ट इंडीजचें तेल हिसकावावें? ७ डिसेंबर १९४१ रोजीं पर्ल हार्बरवर २,४०० हून अधिक माणसें मारलीं गेलीं. पण युद्ध पेटलें कसें तें तेलानें कळतें. माणसें परस्परांस माणूस मानीनाशीं झालीं कशीं, तें कळत नाहीं. त्यासाठीं १९१९ च्या पॅरिस परिषदेंत जपानची वंशसमतेची मागणी फेटाळली गेली तेथें, आणि अमेरिकेच्या १९२४ च्या प्रवेशबंदीच्या कायद्याकडे पाहावें लागतें. १९४२ त अमेरिकेनें आपल्याच भूमीवरील सुमारें १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांस छावण्यांत कोंडलें. त्यांतले बहुतेक जन्मानें अमेरिकन नागरिक. जपानी सेनेनें तर १९४१ च्या आज्ञापत्रांत कैद होण्यापेक्षां मरण बरें असें शिकविलें, आणि शत्रूच्या कैद्यांस त्याच तुच्छतेनें वागविलें.

ओओकाचें मोल येथें कळतें. स्तांदालचा हा अभ्यासक १९४४ त, पस्तिशींत, सैन्यांत ओढला गेला व फिलिपाइन्समधील मिंडोरो बेटावर गेला. जानेवारी १९४५ त तो हिवतापानें गळालेला, रानांत एकटा पडला असतां एक तरुण अमेरिकन शिपाई समोरून चालत येतो. ओओका गोळी घालीत नाहीं. दुसरीकडे बंदुकीचा आवाज होतो आणि तो पोरगा वळून निघून जातो. एवढीच हकीकत! तिच्यावर लेखक पानांमागून पानें खर्च करतो. मानवप्रेम म्हणावें, तर तें त्यास पटत नाहीं. त्या कोवळ्या गालाकडे पाहून बापाची माया जागली काय, हेंहि तो तपासून पाहतो; आणि आपल्या हातानें नकळत बंदुकीची कळ सोडविली होती, हें सांगावयास विसरत नाहीं. स्वतःस साधु ठरविण्याची अशी नामी संधि कोणत्या लेखकानें दवडली असती?

पुस्तकाचा उत्तरार्ध मात्र लांबला आहे. छावणींत अमेरिकन अन्नावर पुष्ट होणारे कैदी हें पराभूत जपानचें चित्र आहे हें ध्यानांत येतें, पण तें वारंवार ध्यानांत आणून दिलें जातें. पुढें ओओकानें लेइते बेटावरील लढाईची मोठी बखर लिहिली (१९७१), ती दोन्ही सैन्यांचीं दप्तरें पडताळून. रानांतल्या त्या पोराकडे पाहणारीच नजर तेथें तुकड्या-तुकड्यांचा हिशेब लावूं लागली.