धूळ कुठली, चिखल कुठला

युद्धकाळातल्या विमानाचं मॉडेल जोडणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. साचे इतके सुबक निघतात की फटी बुजवायला पुटीसुद्धा फारशी लागत नाही. खरा कस लागतो वेदरिंगला. ऊन, पाऊस, धूळ, तेल, धूर आणि माणसांचे बूट यांनी विमानावर ज्या खुणा केल्या, त्या बोटभर पंखावर उमटवायच्या. आपल्याकडच्या मॉडेलकारांचे हात आज त्यासाठी तयार आहेत. नजर मात्र उसनी आहे, आणि या लेखात तक्रार आहे ती तेवढ्याचीच.

ही नजर कुठून आली ते थोडक्यात पाहू. एअरफिक्सने १९५३ मध्ये १/७२ प्रमाणातलं स्पिटफायर बाजारात आणलं तेव्हा जोडून रंगवलं की काम संपत असे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत शेप पेन यांनी मोनोग्रामच्या कीटबरोबर येणाऱ्या पत्रकांतून डायोरामा, म्हणजे मॉडेलभोवतीचा छोटा देखावा, कसा रचायचा ते लोकांना शिकवलं. ऐंशीच्या दशकात बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) आणि ड्रायब्रशिंग (कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासणं) घरोघरी पोचवलं. पुढे स्पेनमधल्या मंडळींनी फिल्टर, पिगमेंट, चिपिंग (रंगाचे टवके उडवणं) असं सगळं शास्त्रच उभं केलं आणि ते बाटल्यांत भरून विकलं. यातलं बरंचसं घडलं रणगाड्यांवर. तिथून ते विमानांवर आलं, आणि व्हिडिओंतून आपल्याकडे.

आपल्याकडे ते आलं तेव्हा कारागिरांनी त्यात स्वतःची अक्कल घातली, हे आदराने सांगायला हवं. परदेशी बाटली परवडेना, तेव्हा कॅम्लिनच्या तैलरंगाचा ठिपका टर्पेंटाइनमध्ये विरघळवून वॉश तयार झाला. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लॅकर मारला की दमट हवेने त्यावर दुधाळ पापुद्रा धरतो. म्हणून कंप्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावणं आणि जुलै-ऑगस्टमध्ये लॅकरला हात न लावणं, हे शहाणपण इथे अनुभवातून आलं.

प्रश्न सुरू होतो तो प्रमाणापासून. १/७२ च्या मॉडेलवर अर्ध्या मिलिमीटरचा चंदेरी टवका म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरचा उघडा पत्रा. पॅनेल लाइनमध्ये काळा वॉश भरून ती ०.२ मिलिमीटर दिसू दिली, तर प्रत्यक्षात पत्र्यांमध्ये जवळजवळ दीड सेंटिमीटरची फट पडली. असं विमान धावपट्टीवरून हललं नसतं. तरीही स्पर्धांमध्ये टाळ्या मिळतात त्या अशाच मॉडेलांना, कारण चार फुटांवरून मेहनत दिसते. परीक्षकांनी एकदा हा हिशेब मांडून गुण द्यावेत, बराच फरक पडेल.

दुसरा प्रश्न विमान कशाचं बनलं होतं याचा. हरिकेनच्या धडाचा मागचा भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा होता. कापडावरचा रंग फिकटतो, ठिगळ लागतं, पण टवका उडून खाली ॲल्युमिनियम चमकत नाही. मॉस्किटो तर बाल्सा आणि बर्चच्या लाकडाचं. १९४४ च्या अखेरीस भारतात मॉस्किटोंचे पंख तुटून अपघात झाले, विमानं जमिनीवर रोखून ठेवावी लागली. चौकशीत बांधणीतले दोष पुढे आले, तरी हवामानाचा धसका राहिलाच, आणि उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून भारत-ब्रह्मदेश आघाडीवरच्या अनेक मॉस्किटोंना नंतर चंदेरी रंग दिला गेला. मॉडेलकाराला याहून चांगला विषय कोणता हवा? आमच्याकडे मात्र मॉस्किटो होतं ते इंग्लंडच्या करड्या-हिरव्या रंगात, वर चंदेरी टवके मारून.

स्पिटफायरच्या डाव्या पंखाच्या मुळाशी रंग जास्त झिजलेला असतो, कारण वैमानिक त्या बाजूच्या छोट्या दारातून आत चढतो. दोन्ही बाजूंना सारखी झीज दाखवली की लगेच कळतं, इथे विमान पाहिलेलं नाही, तंत्र पाहिलेलं आहे.

मग पाहायचं कुठे? माझं उत्तर अंबरनाथजवळच्या आनंदनगर एमआयडीसीत आहे. तिथल्या रस्त्याकडेला उभे असलेले केमिकलचे टँकर नीट बघावेत. वरच्या झाकणातून सांडलेला ओघळ गोलाईवरून उतरताना कसा निमुळता होतो, धूळ सपाट जागी कशी बसते आणि उभ्या जागी का टिकत नाही, ऊन खाल्लेल्या बाजूचा निळा पांढुरका होतो आणि सावलीतला तसाच राहतो, हे तिथे रोज पाहता येतं. गंज तेवढा तिथला उचलायचा नाही, कारण ॲल्युमिनियमचा पत्रा तांबूस गंजत नाही. गंजतात ते पोलादी एक्झॉस्ट. शिवाय विमानावर ओघळांना दोन दिशा असतात. उडताना तेल वाऱ्याबरोबर सरळ मागे जातं. उभं असताना पावसाचं पाणी खाली उतरतं. पण शेपटीला चाक असलेलं विमान नाक वर करून उभं असतं, त्यामुळे धडावरचे पावसाचे ओघळ शेपटीकडे तिरके जातात. उभे सरळ ओघळ काढले की विमान खोटं दिसतं.

अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिरही याच अभ्यासात यावं. पाऊस जिथे थेट आपटतो तिथली शिल्पं झिजलेली, बाहेर आलेल्या थराच्या आडोशाला असलेली अजून रेखीव. हवामान सगळीकडे सारखं काम करत नाही, हे जवळजवळ हजार वर्षं तिथे दगडावर लिहिलं जातं आहे.

या भागाचं महायुद्धाशी नातंही जवळचं आहे. उल्हासनगर म्हणजे मुळात कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये शहराला नाव मिळालं. लोक अजून कॅम्प नंबर एक ते पाच असंच बोलतात. मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीला इंग्रजांनी युद्धकाळात शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली. त्या जमिनीचा वाद अजून पेटता आहे. जून २०१७ मध्ये तिथे मोठं आंदोलन झालं आणि त्याला हिंसक वळण लागलं. इतकं जवळ असूनही आपल्या टेबलांवर उभी राहतात ती केंटमधली गवताळ मैदानं आणि लिबियाची वाळू.

मुंबईकरांच्या पैशांतून घेतलेली विमानंसुद्धा आपल्याला आठवत नाहीत. बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंडातून १९४१ मध्ये भारतीय हवाई दलाच्या एक नंबर स्क्वाड्रनला १२ लायसँडर मिळाली. करुण कृष्ण उर्फ जंबो मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ती फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रह्मदेशात तौंगूला गेली. टेहळणीसाठी बनवलेल्या या विमानांना बॉम्ब अडकवून त्यांनी सयामच्या सीमेपलीकडच्या जपानी तळांवर हल्ले केले. आता वेदरिंगचा विचार करा. फेब्रुवारी म्हणजे तिथे कोरडा ऋतू, तेव्हा चाकांवर धूळ हवी, चिखल नको. पंख कापडाचे, तेव्हा टवके नकोत. आणि विमानं त्या स्क्वाड्रनकडे येऊन काही महिनेच झालेले, तेव्हा रंग जुनाट दाखवताना हात आखडता घ्यावा. तेच स्क्वाड्रन १९४४ मध्ये अर्जनसिंग यांच्या हाताखाली हरिकेन घेऊन इम्फाळला होतं. लढाई मार्च ते जुलै, पाऊस मधे सुरू झालेला. एप्रिलचं हरिकेन आणि जूनचं हरिकेन एकाच स्क्वाड्रनचं असूनही वेगळं रंगवावं लागेल. मॉडेलखाली महिना लिहायची पद्धत पडली, तर निम्म्या चुका आपोआप थांबतील.

या आघाडीवर विमानांच्या ओळखीच्या वर्तुळखुणांमधला लाल रंगही काढून टाकला होता. जपानी सूर्यचिन्हाशी गल्लत होऊन आपल्याच तोफांनी विमान पाडू नये म्हणून दोन निळ्या छटांची लहान वर्तुळं आली. जुनं मोठं चिन्ह तळावरच रंगाने झाकून नवं काढलं, म्हणजे उन्हाने विटलेल्या हिरव्या-मातकट रंगावर ताज्या रंगाचा गडद डाग. तो डाग हुबेहूब साधणं कोणत्याही चिपिंगपेक्षा कठीण आहे, आणि तो फक्त आपल्या बाजूच्या विमानांवर सापडतो.

पालमच्या हवाई दल संग्रहालयात लायसँडर, हरिकेन, टेम्पेस्ट उभी आहेत. मापांसाठी ती जरूर पाहावीत, रंगासाठी नाही, कारण प्रदर्शनाच्या विमानांना पुन्हा पुन्हा रंग लागतो. रंगासाठी जुने फोटोच चाळायला हवेत, आणि फोटोची तारीख शोधायला हवी. हे कंटाळवाणं काम आपल्याकडे कुणी शिकवत नाही.

आपल्या घरांत दिवाळीचा किल्ला पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. मातीचा उतार, हळीव पेरून उगवलेलं गवत, पायथ्याची वाट हे दहा वर्षांच्या मुलालाही जमतं. पुण्यात भाऊ जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात लोक तिकीट काढून जातात. जमीन रचणं आपल्याला येतं, लहान आकारातलं जग बघायची आवडही आहे. ठाणे जिल्ह्यातल्या पुढच्या प्रदर्शनात तौंगूचं लायसँडर आणि त्याच्या चाकांवर फेब्रुवारीची कोरडी धूळ बघायला मिळावी. कीट १/७२ आणि १/४८ अशा दोन्ही प्रमाणांत निघालेलं आहे.