'नांदणे' : एका क्रियापदाचा अर्थव्यवहार

एकत्र राहण्याची कल्पना व्यक्त करण्यासाठी मराठीत 'सहवास', 'सहजीवन', 'सहअस्तित्व' असे तत्सम शब्द आहेत. परंतु या कल्पनेसाठी रोजच्या बोलण्यात रुजलेले क्रियापद म्हणजे 'नांदणे'. त्याचे नाते आनंदवाचक 'नन्द्' या संस्कृत धातूशी जोडले जाते. त्यामुळे नुसते राहणे नव्हे, तर सुखाने राहणे त्यात अभिप्रेत असते. 'घरात दारिद्र्य नांदत होते' या प्रयोगातील बोच याच अपेक्षाभंगातून येते.

हे सुख कोणाचे, हा प्रश्न मात्र व्युत्पत्तीने सुटत नाही. त्यासाठी प्रयोगाकडेच वळावे लागते. नवदांपत्याला सुखाने नांदण्याचा आशीर्वाद मिळतो तो दोघांना. पुढे मात्र या क्रियेचा कर्ता बहुधा स्त्रीच उरते. मुलगी सासरी नांदते. घरजावई सासरी 'राहतो'. पुरुषाच्या वाट्याला प्रयोजक रूप येते : तो तिला 'नांदवतो' किंवा 'नांदवत नाही'. 'ती नांदत नाही' या विधानात वर्णनापेक्षा ठपकाच अधिक असतो.

या व्याकरणाला सामाजिक इतिहास आहे. बालपणी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदायला जाण्यास नकार दिला. 1884 मध्ये दाखल झालेल्या दाव्यात, 1887 साली मुंबई उच्च न्यायालयाने पतीकडे जा अथवा सहा महिने कारावास भोगा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कारावासाची तयारी दर्शविली. 1888 मध्ये तडजोड झाली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम 9 वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची मुभा पती-पत्नी दोघांनाही देते. बोलीत मात्र तो 'नांदायला येण्याचा दावा'च राहतो. कायद्याचे लिंगनिरपेक्ष वाक्य भाषेत शिरताच एका बाजूला कलते.

हाच शब्द आपण समाजांविषयी वापरतो, तेव्हा सावध राहावयास हवे. 'सर्व जण गुण्यागोविंदाने नांदतात' या वाक्यात कर्ता अनेकवचनी आहे. कोणी यजमान नाही, कोणी बाहेरून आलेला नाही. पण 'आम्ही त्यांना सुखाने नांदू देतो' असे म्हणताच घर कोणाचे हे ठरून जाते. सौजन्याच्या भाषेत मालकी अशी बोलते.

याच्या शेजारी 'शेजार' हा शब्द ठेवून पाहावा. मी ज्याचा शेजारी, तो माझाही शेजारी असतोच. हे नाते एकतर्फी होऊ शकत नाही. 'शेजार' सुखाचे आश्वासन देत नाही, पण कोणाला कोणाच्या घरात आश्रितही करीत नाही. सामाजिक सहजीवनाची परिभाषा घडविताना 'नांदणे'तील आनंद टिकवावा, पण त्याची पारख 'शेजार'मधील समतेच्या कसोटीवर करावी.