बकलाची पाठ

मनुष्यास त्याच्या कमरेवरून ओळखण्याची आमच्या भाषेची खोड जुनी आहे. कचेरींतील गडी तो ‘पट्टेवाला’. पट्ट्यावरील पितळी बिल्ला ती ‘चपरास’, आणि ती धारण करणारा तो ‘चपराशी’. पोलीस शिपायाची ओळख तर ‘बक्कल नंबर’ एवढ्या दोन शब्दांत आटोपते. पट्टा सरकारचा, बिल्ला सरकारचा. आंतील मनुष्याचें नांव विचारण्याची कोणास गरज भासत नाहीं. लष्करी पट्ट्यांचीं कोरीव व नक्षीदार बकलें जमविण्याचा जो छंद पाश्चात्य देशांत चांगलाच रुजला आहे, त्याविषयीं वाचतांना आम्हांस हें वारंवार आठवतें. ह्या छंदास ग्रंथ आहेत, शास्त्र आहे, बाजारही आहे. त्यास रसिकता आहे काय, एवढाच आमचा प्रश्न.

शास्त्राविषयीं तक्रार करण्यास फारशी जागा नाहीं. इंग्रज फौजेंत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून छातीवरील आडव्या पट्ट्यास धातूचा बिल्ला लावीत. तो प्रथम लंबवर्तुळाकार होता, पुढें चौकोनी झाला, आणि 1855 मध्यें गणवेश बदलला तेव्हां नाहींसा झाला. आरंभींचे कित्येक बिल्ले हातानें कोरलेले आहेत. पुढें ठशांचें राज्य आलें. मेजर पार्किन यांचा 1956 सालचा ग्रंथ ह्याच बिल्ल्यांना व गुंड्यांना वाहिलेला आहे. अमेरिकेकडील बकलांसाठीं सिडनी कर्कसिस यांनीं 1974 मध्यें तसेंच काम केलें. त्यांच्या ग्रंथाची मर्यादा 1795 ते 1874 अशी आहे. अशा ग्रंथांमागील चिकाटी पाहिली म्हणजे आमच्याकडील नाणीं जमविणाऱ्या जुन्या मंडळींची आठवण होते, आणि आदरच वाटतो.

परंतु सूची म्हणजे समीक्षा नव्हे. बकलाच्या दर्शनी भागावर जें कोरलेलें असतें तें सत्तेचें भाषण असतें. प्रशियाच्या साध्या शिपायाच्या बकलावर मुकुट आणि त्याभोंवतीं ‘देव आमच्या बाजूस’ अशा अर्थाचें जर्मन वचन होतें. बव्हेरियाच्या बकलावर निष्ठेचें वचन होतें, वुर्टेंबर्गच्या बकलावर निर्भयतेचें व इमानाचें. हींच बकलें लावून हे शिपाई 1914 च्या महायुद्धांत उतरले, आणि पितळेचा तुटवडा पडतांच तेंच दैवी आश्वासन करड्या रंगाच्या पोलादावर उमटूं लागलें. संग्राहक येथें धातूचा फरक टिपतो, सालही बिनचूक सांगतो. देवाचें नांव घेण्याच्या त्या धिटाईविषयीं मात्र अवाक्षर काढीत नाहीं. आमच्या मतें जाणकारी येथें अर्ध्या वाटेवर थांबते.

ह्या मौनाचा आम्हां मराठी वाचकांस विशेष जाच होतो, त्याचें कारण एक हत्ती आहे. इंग्रजांच्या 74 व्या व 78 व्या पायदळ पलटणींना मानचिन्ह म्हणून हत्ती आणि त्यासह ‘असाये’ हें नांव मिळालें. तो हत्ती बिल्ल्यांवर आला, आणि आज संग्राहक त्यासाठीं चढाओढ करतात. असाये म्हणजे जालना जिल्ह्यांतील असई. तेथें 23 सप्टेंबर 1803 रोजीं वेलस्लीनें शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. 74 वी पलटण त्या दिवशीं जवळजवळ कापली गेली. तेव्हां तिचा हत्ती फुकटचा नव्हता, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. पण समोर उभें असलेलें शिंद्यांचें कवायती पायदळही, पोलमन नांवाच्या जर्मनाच्या हाताखालीं, तितक्याच शिस्तीनें लढत होतें. त्यांतील एकाही शिपायाचें नांव कोरलेला बिल्ला आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं. जेत्यानें आमचा हत्ती पितळेंत ओतून नेला. आमच्या माणसांची आठवण आम्हांलाच ठेवतां आली नाहीं, ही खंत हत्तीपेक्षां मोठी आहे.

आतां बाजाराकडे वळूं. 1950 हें साल छापलेला, टिफनी व गेलॉर्ड यांच्या बिल्ल्यांविषयींचा एक भारदस्त ग्रंथ बरींच वर्षें संग्राहकांत प्रमाण मानला गेला. जे. डंकन कॅम्पबेल यांनीं 1973 मध्यें आपल्या पुस्तकांत दाखवून दिलें कीं, तीं बकलें अलीकडे घडविलेलीं आहेत, आणि तो ग्रंथही त्यांस कुलीन ठरविण्यासाठींच रचलेला आहे. खोट्या दागिन्यास खोटी वंशावळ जोडण्याचा प्रकार आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित नसावा! बाजारानें येथें रसिकतेचीच परीक्षा घेतली, आणि रसिकता नापास झाली. ज्यांनीं केवळ दर्शनी नक्षी पाहिली ते फसले. ज्यांनीं बक्कल उलटून पाठ पाहिली ते पुष्कळसे वांचले.

पाठ पाहण्याची ही संवय मात्र आम्हांस मनापासून आवडते. अमेरिकेच्या यादवी युद्धांतील उत्तरेकडील शिपायांच्या अंडाकृति बकलांच्या पाठीस शिसें भरलेलें असे, आणि त्या मऊ शिशांत कोणी कोणी चाकूच्या टोंकानें आपलीं आद्याक्षरें कोरीत. दर्शनी अक्षरें सरकारचीं, पाठीवरचीं त्या मनुष्याचीं. दुर्दैव असें कीं, नांव असलें म्हणजे किंमत वाढते. आणि किंमत वाढते म्हणून मागाहून नांवेंही कोरलीं जातात. नक्षीची नक्कल ही लबाडी खरी, परंतु मेलेल्या मनुष्याची नक्कल ही त्याहून हीन गोष्ट आहे.

गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्यानें घरचें बक्कल आणून दाखविलें. त्याचे पणजोबा मराठा पलटणींतून मेसोपोटेमियांत गेले होते, तेथून त्यांनीं तें आणलें. वर चंद्रकोर आणि तारा. दर दसऱ्यास त्याची आजी तें चिंचेनें घांसून लखलखीत करी आणि पणजोबांच्या फोटोपुढें ठेवून त्यावर हळदकुंकू वाही. एका संग्राहकानें त्या मुलास सांगितलें, “घांसून घांसून तुम्हीं त्याची किंमत घालविली.” आम्हीं बक्कल उलटें केलें. पाठीवर, चिंचेचा हात न पोहोंचलेल्या कोपऱ्यांत, कांहीं ओरखडे होते. आमच्या एका फारसी जाणणाऱ्या स्नेह्यांनीं ते वाचले : ‘अली’.

मुलानें घरीं जाऊन आजीस हें सांगितलें. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “त्याचीही आई असेलच कीं रे.” ह्या वर्षीं दसऱ्यास तिनें बक्कल घांसलें नाहीं. हळदकुंकू मात्र नेहमींप्रमाणें वाहिलें, आणि तें पाठीच्या बाजूस. बाजारभाव तिला ठाऊक नाहीं, आणि आम्हीं वर उल्लेखिलेल्या ग्रंथांपैकीं तिनें एकही वाचलेला नाहीं. परंतु आम्ही ज्या रसिकतेची चौकशी करीत होतों, ती आम्हांस प्रथम तिच्याच ठिकाणीं आढळली.