चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा कर्ता कोण?

मार्च लागला की ‘उन्हाळी सुट्टीत ताडोबा’ या विषयावरचा मजकूर मोबाइलवर यायला लागतो. ब्लॉग असो, पुरवणीतला लेख असो किंवा ३० सेकंदांचं रील, सांगाडा ठरलेला असतो. नागपूरपर्यंत विमान किंवा रेल्वे, पुढे गाडी. कोणतं गेट चांगलं, सकाळची सफारी घ्यावी की दुपारची. सुती कपडे, टोपी, ओआरएस. मंगळवारी सफारी बंद असते, हे लक्षात ठेवा. आणि अगदी शेवटी, ‘वेळ उरल्यास’ या मथळ्याखाली चंद्रपूर शहर.

मी मूळचा चंद्रपूरचा, नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. टेम्प्लेट ओळखण्याची सवय कामामुळेच लागली आहे. या मजकुरात गावाचं नाव एक व्हेरिएबल असतं. तिथे स्पेनमधलं कादिझ टाका, जंगलाऐवजी समुद्र येईल, जिप्सीऐवजी बोट येईल, बाकी वाक्यं तशीच चालतील. सकाळी हे करा, दुपारी सावलीत थांबा, संध्याकाळी ते पाहा, फोटो इथून चांगला येतो.

असल्या मजकुराची कोणी समीक्षा करत नाही. कथा-कादंबऱ्यांवर आपण पानंच्या पानं लिहितो, पण चंद्रपूर-गडचिरोलीबद्दल बाहेरच्या तरुण वाचकाने काय वाचलं असेल, असं विचारलं तर खरं उत्तर हेच आहे: सफारीची माहिती. जो मजकूर सर्वांत जास्त वाचला जातो, त्याचं व्याकरण एकदा तपासून पाहायला हवं.

‘दिसणं’ आणि ‘सायटिंग’

मराठीत आपण म्हणतो, ‘मला वाघ दिसला.’ शाळेत शिकवलेलं आठवत असेल, तर या वाक्यात क्रियापद वाघाच्या मागे जातं. वाघीण असेल तर ‘दिसली’. दिसण्याचं काम वाघाचं आहे, मी फक्त तिथे हजर आहे. सफारीच्या भाषेत हेच वाक्य ‘दोन सफारींत तीन सायटिंग मिळाली’ असं होतं. आता वाघ वाक्यात उरलेलाच नाही. उरली ती मिळकत आणि तिचा हिशेब. सायटिंग मिळालं नाही की ‘पैसे वाया गेले’ हे वाक्य आपोआप पुढे येतं.

उरलेली क्रियापदं आज्ञार्थी असतात. पाहा, घ्या, बुक करा, चुकवू नका. या सगळ्यांचा कर्ता ‘तुम्ही’. स्थानिक माणूस येतो तो गाइड, ड्रायव्हर किंवा ‘अगत्यशील’ स्वयंपाकी म्हणून. वाघांना मात्र नावं असतात, आणि चरित्रंही. माया, मटकासूर, वाघडोह यांची घराणी, भांडणं, हद्दी सगळं लोकांना पाठ असतं. वाघाला चरित्र असण्याला माझी हरकत नाही. खटकतं ते एवढंच की, त्याच जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांना या मजकुरात एक साधं क्रियापदही मिळत नाही.

उन्हाळा हा ‘बेस्ट सीझन’ का, याचं कारण सगळे बरोबर सांगतात. पानगळ झालेली असते, नाले आटलेले असतात, पांढरपौनी किंवा तेलियासारख्या मोजक्या पाणवठ्यांवर प्राण्यांना यावंच लागतं. म्हणजे जंगलाची अडचण ही पाहुण्याची सोय असते. हे वाक्य कुठेच असं सरळ लिहिलेलं सापडत नाही. शहरातला ४५-४६ अंशांचा पाराही पर्यटकाने सोसायचा त्रास म्हणूनच येतो. जणू त्या पाऱ्यात बाकी कोणी राहतच नाही.

वेळ उरल्यास

‘वेळ उरल्यास’च्या खाली काय असतं? गोंड राजांचं एक शहर असतं. खांडक्या बल्लाळशहाच्या काळापासून सांगितला जाणारा परकोट, जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा हे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. ‘खिडकी’ म्हणजे परकोटातलं छोटं दार. बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी, मसण खिडकी. स्मशानाकडे जायला वेगळं दार आणि त्याला नावही तेच, यावर एक अख्खा लेख होऊ शकतो. टेम्प्लेटमध्ये मात्र ‘प्राचीन किल्ला’ एवढे दोन शब्द येतात.

राणी हिराईने पती बीरशहाची समाधी बांधली. तिच्याबद्दल हमखास वाचायला मिळतं ते ‘चंद्रपूरचा ताजमहाल’. वैनगंगेकाठचं मार्कंडा ‘विदर्भाची काशी’ असतं, नाहीतर ‘मिनी खजुराहो’. तुलना करणं गैर नाही. वाचकाला ओळखीच्या गोष्टीवरून अनोळखी गोष्टीकडे न्यायचं असतं. पण इथे तुलना वाचकाला कुठेच नेत नाही. ताजमहाल म्हटलं की काम संपतं. नवऱ्याच्या मागे राज्य सांभाळणारी एक गोंड राणी हा मुद्दा तिथेच गळून पडतो. लालपेठच्या अवाढव्य, अपूर्ण राहिलेल्या दगडी मूर्तींना तर तुलना करायलाही काही सापडत नाही, म्हणून त्या बहुतेक याद्यांत नसतातच.

या परकोटावर झुडपं माजली होती. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तो हाताने साफ करायला घेतला आणि दोनशेहून जास्त दिवस काम चालवलं. त्याच वर्षी पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख झाला. भिंतीवरून चालत शहर पाहता येतं, ही शक्यता त्यातून उघडली. उन्हाळ्यातल्या सकाळी, ऊन चढण्याआधी, पर्यटकाने करावं असं हे काम आहे. पण त्यात सायटिंग नाही.

ज्यांना पर्यटक म्हणत नाहीत

आता एक साधा प्रश्न. उन्हाळ्यात चंद्रपूर शहरात सर्वांत जास्त पाहुणे कोण येतात? महाकालीचे भाविक. चैत्रात देवीची यात्रा भरते आणि नांदेड, परभणीकडून, सीमेपलीकडच्या तेलंगणातून लोक येतात. रेल्वेने, ट्रकने, टेम्पोने. झरपट नदीत अंघोळ, मंदिरासमोर रांग, उघड्यावर तीन दगडांची चूल, झाडाखाली मुक्काम. यातल्या अनेकांच्या घरी ही वारी आजीपासून चालत आलेली आहे.

हे लोक प्रवास करतात, मुक्काम करतात, खरेदी करतात, नातेवाइकांसाठी प्रसाद नेतात. पर्यटकाची कोणतीही व्याख्या घ्या, ते तीत बसतात. तरी ‘उन्हाळ्यात चंद्रपुरात काय कराल’ या मजकुरात यात्रा नसते. असलीच तर ‘या काळात गर्दी असते, टाळा’ अशी सूचना म्हणून. एकाच शहरात, एकाच महिन्यात दोन प्रकारचे पाहुणे येतात. त्यातल्या एकांसाठी लेख लिहिले जातात आणि दुसऱ्यांसाठी पोलीस बंदोबस्ताची बातमी. झरपटचं पाणी अंघोळीजोगं का राहिलं नाही, हा प्रश्न पर्यटनाच्या लेखात का येत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. ज्याचा पाहुण्याच्या यादीत समावेश नाही, त्याच्या सोयीची चर्चा कोण करणार?

पहाटे साडेपाच

सफारीची सकाळची पाळी उन्हाळ्यात पहाटे सुरू होते. गेटवर जिप्सींची रांग लागते. त्याच वेळी, त्याच जंगलाच्या बफरमध्ये आणि बाहेरच्या रानात, बाया टोपल्या घेऊन मोहाच्या झाडाखाली वाकलेल्या असतात. मोहफूल रात्री-पहाटे गळतं. उशीर केला तर जनावरं खातात किंवा उन्हाने सुकतं. मोहाचा हंगाम सरतो तोवर मे उजाडतो आणि तेंदूपत्ता सुरू होतो. पहाटे पानं तोडायची, घरी आणून सगळ्यांनी मिळून ७० पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी संकलन केंद्रावर द्यायचे. खरिपाचं बियाणं, पोरांची पुस्तकं, उधारी, बरंच काही या दोन-तीन आठवड्यांच्या रोखीवर ठरतं.

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यांची नावं बातम्यांत आली. इथे ती मुद्दाम लिहीत नाही, त्या घरांचं दुःख माझ्या मुद्द्याला टेकू म्हणून नको. दोन दिवसांनी बुद्धपौर्णिमा होती. मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी पाहण्यासाठी निसर्गप्रेमी वर्षभर जिची वाट पाहतात, ती रात्र.

या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या करायच्या नाहीत. मचाणावर बसणारा माणूस त्या मृत्यूंना जबाबदार नाही. वाघ वाचावा असं मलाही वाटतं. प्रश्न लिहिण्याचा आहे. एकाच वर्तमानपत्रात पुरवणीच्या पानावर उन्हाळा ‘वाघ दिसण्याचा हंगाम’ असतो आणि जिल्ह्याच्या पानावर ‘वाघाने मारण्याचा हंगाम’. दोन्ही मजकूर एकमेकांना कधी भेटत नाहीत. पुरवणी वाचणाऱ्याला कळत नाही की, आपण ज्याला शांत, निर्मनुष्य जंगल म्हणतो, ते कुणाच्या तरी कामाची जागा आहे.

गंमत अशी की, ताडोबा या नावातच हे सगळं आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी लढताना मेला, त्याचा देव झाला, तलावाकाठी त्याचं ठाणं आहे, ही कथा जवळपास प्रत्येक सफारी-लेखात ‘रंजक माहिती’ म्हणून येते. म्हणजे जंगलाचं नाव हीच वाघाने मारलेल्या माणसाची आठवण आहे. लेखक ती सांगतो आणि पुढच्या परिच्छेदात रिसॉर्टचे दर देतो.

आक्षेप

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, पर्यटनामुळे रोजगार मिळतो. खरं आहे. मोहर्ली, कोलारासारख्या गावांत जिप्सी, गाइड, होमस्टे यांवर घरं चालतात. ज्या मुलाला एरवी शहर गाठावं लागलं असतं, तो गावात राहून कमावतो. पण रोजगार मिळाला म्हणून त्या मुलाने वाक्यात कायम ‘सोबत गाइड असतो’ एवढंच राहावं, असं थोडंच आहे? त्याची आई सकाळी कुठे गेली आहे, हे त्याला विचारलं तर तो सांगेल. विचारायला हवं, हे मात्र मजकुराने सुचवावं लागतं.

दुसरा आक्षेप, सुट्टीवर निघालेल्या माणसाला हे कशाला ऐकवता? यावर बार्सिलोनाचं उदाहरण पुरेसं आहे. जुलै २०२४ मध्ये तिथल्या आंदोलकांनी रस्त्यावर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. घरभाडी वाढली, वस्त्या बदलल्या, आणि जाहिरातीत फक्त समुद्र, इमारती आणि खाणंच दिसत राहिलं. रहिवाशांना वाक्यात जागा दिली नाही, तर ते एक दिवस स्वतःच वाक्यात घुसतात. ताडोबाच्या भोवती पिचकाऱ्या नाहीत, पण एखाद्या मृत्यूनंतर रस्ता अडवून बसलेलं गाव हा त्याच वाक्याचा आपल्याकडचा प्रकार आहे.

मराठीत हे जमलेलं आहे

यापेक्षा चांगलं लिहिणं मराठीला परकं नाही. मारुती चितमपल्ली वनखात्यात होते. विदर्भाच्या जंगलाबद्दल त्यांनी जे लिहिलं, त्यात पक्ष्याचं नाव येतं तेव्हा ते नाव कोणाकडून कळलं, हेही येतं. आदिवासी, पारधी, केवट ही त्यांच्या लिखाणात माहिती देणारी, जाणती माणसं आहेत. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात तर गावच कर्ता आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)ला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गडचिरोलीत आज कित्येक ग्रामसभा आपला तेंदूपत्ता स्वतः विकतात. पर्यटनाच्या मजकुरात गडचिरोली बहुतेक वेळा नसतेच, असली तर एका सावधगिरीच्या ओळीत. पण जंगल कोणाचं, या प्रश्नाचं एक उत्तर तिथे व्यवहारात लिहिलं जातंय.

पाहुण्यांसाठीच्या निमंत्रणाचाही वेगळा नमुना इथेच आहे. बाबा आमटेंनी १९६७ मध्ये मूल तालुक्यातल्या सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. दरवर्षी १५ ते २२ मे, म्हणजे ऐन आगीत. महाराष्ट्रभरातून पोरं आली, घमेली उचलली, गाणी म्हटली. छावणीतही भाबडेपणा असेल, आठ दिवसांच्या घामाने कोणी बदलत नाही, असंही म्हणता येईल. तरी त्या निमंत्रणात ऊन ही सगळ्यांनी मिळून सोसायची गोष्ट होती.

म्हणून माझी अपेक्षा फार मोठी नाही. यादी लिहा, जरूर लिहा, गेटची नावं आणि मंगळवारची सुट्टी राहू द्या. फक्त तीत अशा काही ओळी येऊ द्या: चैत्रात येत असाल तर महाकालीची यात्रा असेल, नांदेडहून आलेल्या लोकांशी बोला. सकाळी लवकर परकोटावरून चाला आणि मसण खिडकी कुठे आहे, ते कोणाला तरी विचारा. मार्च-एप्रिलमध्ये रस्त्याकडेला अंगणात मोहफुलं वाळत पडलेली दिसतील, गाडी हळू घ्या. मे महिन्यात संध्याकाळी गावात पुडे बांधणारं घर दिसलं, तर फोटो काढण्याआधी विचारा. सफारीत वाघ नाही दिसला, तर त्या दिवशी त्याला यायचं नव्हतं.

एवढ्या ओळींनी कोणाचा जीव वाचणार नाही, हे मला माहीत आहे. त्यासाठी वनखातं, नुकसानभरपाई, पर्यायी रोजगार, पहाटे एकटं न जाण्याची व्यवस्था अशी बरीच कामं लागतील. पण जिथे माणसं राहतात हेच वाचकाला माहीत नाही, तिथल्या माणसांसाठी तो काही मागेल तरी कसा?