शेजारी बसलेल्या माणसाचं पुस्तक

नाशिकच्या कॉलेज रोडवर काळ्या टी-शर्टवरच्या पांढऱ्या, डोंगररांगेसारख्या रेषा तुम्ही पाहिल्या असतील. जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या १९७९ सालच्या 'अननोन प्लेझर्स' या अल्बमचं ते मुखपृष्ठ. कुणाला तो मेंदूचा आलेख वाटतो. खरं तर तो एका पल्सार ताऱ्याच्या रेडिओलहरींचा आहे. पण बँडचा गायक इयन कर्टिस याला खरोखरच एपिलेप्सी होती. स्टेजवर तो हातपाय झटकत नाचायचा. नाच कुठे संपला आणि फिट कुठे सुरू झाली, हे समोरच्या गर्दीला कधीकधी कळायचंही नाही.

गर्दीला कळलं नाही तरी चालतं, कारण ती रात्री घरी जाते. फिट येणाऱ्या माणसाच्या घरातच जी व्यक्ती राहते, तिने लिहिलेली दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत असं मला वाटतं. एक आहे इयनची बायको डेबोरा कर्टिस हिचं 'टचिंग फ्रॉम अ डिस्टन्स' (१९९५). दुसरं, आन्ना ग्रिगोर्येव्ना दोस्तोयेव्स्काया हिच्या आठवणी, तिच्या मृत्यूनंतर १९२५ साली छापलेल्या.

डेबोराचं पुस्तक गोड नाही, आणि तीच त्याची ताकद आहे. विशीही न गाठलेलं जोडपं, १९७९मध्ये झालेली मुलगी, त्याच वर्षी झालेलं निदान, गोळ्या, त्यांनी बदलणारा मूड, नवऱ्याचं दुसरं प्रेमप्रकरण, आणि १९८० साली त्याचा आत्महत्येने झालेला शेवट. यातला कोणता त्रास आजाराचा आणि कोणता माणसाचा, याचा हिशेब ती लावू पाहते. तो लागत नाही, आणि लागल्याचं ढोंगही ती करत नाही. आजारी माणसावर रागावण्याचा हक्क जोडीदाराला आहे का, हा प्रश्न पानापानांत धुमसत राहतो. याच पुस्तकावर 'कंट्रोल' (२००७) हा सिनेमा बेतलेला आहे. कृष्णधवल, देखणा, अभिनयही उत्तम. पण पुस्तकात बोलणारी बाई सिनेमात बहुतेक वेळ बघत राहते. कॅमेरा त्याच्यावर भाळलाय. दुखणं सुंदर दिसायला लागलं की शेजारच्या माणसाचे कष्ट फ्रेमबाहेर जातात.

आन्नाची गोष्ट १८६७ची. ती वीस वर्षांची, स्टेनोग्राफर, दोस्तोयेव्स्की पंचेचाळीसचा. लग्न होऊन थोडेच दिवस झालेत. बहिणीच्या घरी तो रंगात येऊन काहीतरी सांगत असतो, वाक्य मध्येच तुटतं, चेहरा पांढराफटक पडतो, आणि तो किंचाळून कोसळू लागतो. बहीण ओरडत खोलीबाहेर पळते, तिचा नवराही मागोमाग. आन्ना त्याला आधी सोफ्यावर बसवू पाहते. ते जमत नाही, तेव्हा टेबल आणि दिवा बाजूला सारून त्याला जमिनीवर घसरू देते आणि त्याचं डोकं मांडीवर घेते. तासाभराने दुसरी फिट येते. मग काही दिवस तो उदास राहतो.

एवढंच. उपमा नाही, दैवी अर्थ नाही. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, दातांत चमचा घालणं हे आपल्याकडे अजून चालतं; त्या मानाने या मुलीने काय केलं बघा. लागेल अशी वस्तू हलवली, डोक्याखाली मऊ आधार दिला, पळाली नाही. आजचा डॉक्टर याला तीनच गोष्टी जोडेल: कुशीवर वळवा, घट्ट धरून ठेवू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८.

गंमत पुढे आहे. वर्षभरात दोस्तोयेव्स्कीची 'द इडियट' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. तिच्या नायकाला, प्रिन्स मिश्किनला, फिटच्या आधीच्या क्षणी अपार प्रकाश आणि शांती जाणवते. जगाला तो प्रकाश लक्षात राहिला. पण कादंबरी तो तोंडी सांगत होता आणि शॉर्टहँडमध्ये टिपत होती आन्ना. प्रकाश त्याच्या वाट्याचा. टेबल आणि दिवा हलवायचं काम तिच्या.

त्याच कादंबरीत मिश्किनला भर पार्टीत फिट येते, तेव्हा आग्लाया धावत जाऊन त्याला सावरते. तिची आई मात्र रात्रीच ठरवून टाकते की हा जावई शक्य नाही. सकाळी पुन्हा तिचं मन डळमळतं. ही आई आपल्या ओळखीची आहे. आपला कायदाही काही काळ तिच्याच बाजूने होता. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने एपिलेप्सीचे वारंवार येणारे झटके लग्नाच्या आड आणले. त्या कारणावरून लग्न रद्द ठरवून घेता येई. तो शब्द १९९९ साली काढला गेला. कायद्यातून निघाला, बायोडेटा बघणाऱ्यांच्या मनातून निघाला असं म्हणवत नाही.

दोन्ही पुस्तकं बायकांनी लिहिली आहेत, हेही नजरेआड करू नये. नवऱ्याला फिट येते तेव्हा बायकोची सोबत गृहीत धरली जाते. फिट मुलीला येत असेल तर आधी ती लपवली जाते. मग गोळ्या लपवाव्या लागतात. लग्नघरातली जागरणं, चुकलेले डोस, आणि नेमकी त्यामुळेच फिट. लपवण्याने तेच घडतं ज्याची भीती होती. पुण्यात स्वतः एपिलेप्सीतून गेलेल्या यशोदा वाकणकर यांनी 'संवेदना'च्या कामात एपिलेप्सी असलेल्यांसाठी वधुवर मंडळ सुरू केलं, ते म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. तिथे पहिल्याच भेटीत आजार टेबलावर ठेवलेला असतो.

म्हणून तिसऱ्या पुस्तकाची मी वाट बघतोय. ते नाशिकच्या एखाद्या नवऱ्याने लिहिलेलं असावं. बायको स्कूटर चालवत नाही म्हणून रोज सकाळी तिला ऑफिसला सोडणारा, बाथरूमची कडी आतून लावू नकोस असं सांगताना ओशाळणारा, गोळ्यांची वेळ मोबाइलमध्ये लावणारा, आणि ती नुसती कपबशी पाडते तेव्हाही दचकणारा. त्याने स्वतःला थोर म्हणू नये. तिचा राग आला ते दिवसही लिहावेत. आणि तिला या सततच्या काळजीचा कंटाळा येतो, ते तिच्या शब्दांत येऊ द्यावं. आन्नाची शांतता आणि डेबोराचा राग एकाच घरात, एकाच आठवड्यात नांदतात. ते लिहिणारं पुस्तक अजून माझ्या हाती पडायचं आहे.