गडी दिसला का?

बँकेशी संबंध आलेल्या माणसाला परदेशप्रवास दोन रीतींनी घडतो. एक, कर्ज बुडवून. आणि दोन, बहिणीच्या खर्चाने. पहिल्या रीतीला जेवढं मोठं कर्ज लागतं तेवढं मला कोणी देणार नाही. मी स्वतःच कर्जाच्या टेबलावर बसत असल्यामुळे हे खात्रीने सांगू शकतो. तेव्हा ताईने तिकीट पाठवलं आणि २०२४ च्या ऑगस्टच्या आरंभी मी न्यू जर्सीत दाखल झालो. (आमच्या एल.एफ.सी.मध्ये अमेरिका बसत नाही. हेड ऑफिसच्या हिशेबी जग कन्याकुमारीला संपतं.)

लोक अमेरिकेत जाऊन नायगारा बघतात. मी टीव्ही बघितला. त्याला कारण आमचे दाजी. पाहुण्याला हिंडवण्यापेक्षा बसवलेला बरा, असं त्यांचं मत आहे. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं, मांडीवर मक्याच्या लाह्यांचं पातेलं ठेवलं आणि हातात रिमोट दिला. त्या रिमोटवर इतकी बटणं होती की, आमच्या शाखेत तो आला असता तर त्याच्यासाठी वेगळा ऑफिसर नेमावा लागला असता. टीव्हीचा पडदा म्हणाल तर आष्टीच्या आमच्या घराच्या दारातून आडवा करूनच आत घ्यावा लागेल एवढा.

आता विनोदी लेखकाने अमेरिकन टीव्हीवर टीका करायची म्हणजे आंब्याच्या झाडाखाली उभं राहून दगड मारण्याइतकं सोपं. कुठेही मारा, काहीतरी पडतंच. तरी बँकेच्या शिस्तीने आधी व्हाउचरं तपासतो, मग बोलतो.

पहिले दोन दिवस बेसबॉल बघितला. या खेळात खेळाडू जितका वेळ खेळतात त्याहून जास्त वेळ थुंकतात. भाच्याने मला समजावलं की, मामा, आता खेळ फार जलद झालाय. २०२३ पासून मैदानात घड्याळ लावलंय. तळ रिकामे असतील तर गोलंदाजाने पंधरा सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे. त्यामुळे तीन तासांच्या वर जाणारा सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आला म्हणे. हे ऐकून माझ्या हातातल्या लाह्या गळाल्या. उद्या हे घड्याळ कोणी कॅश काउंटरवर टांगलं तर? आमच्या हेड कॅशियरना चष्मा पुसायलाच पंधरा सेकंद लागतात.

फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायचा होता म्हणून दाजींनी त्याची माहिती तोंडी दिली. २०१० साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने घड्याळ लावून मोजलं, तेव्हा तीनेक तासांच्या प्रक्षेपणात प्रत्यक्ष चेंडू खेळात होता सुमारे अकरा मिनिटं. उरलेल्या वेळात खेळाडू उभे असतात, तोच खेळ पुन्हा दाखवतात आणि जाहिराती करतात. मला हे प्रमाण अजिबात परकं वाटलं नाही. आमच्या स्टाफ मीटिंगा मी बघितलेल्या आहेत.

जाहिरातींबद्दल मात्र बोललंच पाहिजे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत अशा औषधांचीही तिथे टीव्हीवर जाहिरात चालते. ही मुभा अमेरिकेखेरीज न्यूझीलंडमध्ये आहे, बाकी जवळजवळ कुठेच नाही. पडद्यावर एक म्हातारं जोडपं कुत्र्याला घेऊन समुद्रकाठी हसत चाललेलं असतं आणि मागून एक गोड आवाज सांगत असतो की, या औषधाने चक्कर येऊ शकते, उलट्या होऊ शकतात, यकृत बिघडू शकतं, क्वचित मृत्यूही येऊ शकतो. जोडपं हसतच असतं. आमच्याकडे कर्जाच्या कागदावर अशा गोष्टी बारीक अक्षरात छापतात. त्या एवढ्या प्रेमाने वाचून दाखवता येतात हे आम्हाला कधी सुचलं नाही.

पण वाचकहो, या लोकांचा टीव्ही खेळाला मोजत नाही असं मात्र म्हणू नका. एकदा मोजलं नव्हतं, आणि चांगलीच अद्दल घडली. १९६८ च्या नोव्हेंबरची सतरा तारीख. न्यूयॉर्क जेट्स आणि ओकलंड रेडर्स यांचा सामना रंगलेला, जेट्स पुढे, साधारण एक मिनिट बाकी. तेवढ्यात सात वाजले आणि एन.बी.सी.ने देशाच्या मोठ्या भागात सामना बंद करून ‘हायडी’ हा मुलांचा चित्रपट सुरू केला. उरलेल्या मिनिटात रेडर्सनी दोन टचडाउन करून सामना ४३-३२ असा खिशात घातला आणि देशभरचे बापये पडद्यावर आल्प्सच्या डोंगरातली पोर बघत बसले. पुढे सामना संपेपर्यंत तोडायचा नाही असा दंडकच पडला. आपल्याकडे अशा वेळी ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी यायची आणि आपण तिलाच नमस्कार करून ॲन्टेना फिरवायला गच्चीवर जायचो.

आणि एक कला त्यांच्याकडे आहे, ती मान्यच केली पाहिजे. कोण कुठला माणूस पाच मिनिटांत तुमच्या घरातला करून टाकायचा. ए.बी.सी. वाहिनीच्या रून आर्लेज यांनी ही रीत बसवली. खेळ दाखवायचा तर खेळाडूचं घर दाखवा, आई दाखवा, लहानपणी कुठे पडला ते दाखवा. पडण्याचं तर असं की, १९७० मध्ये युगोस्लाव्हियाचा विन्को बोगाताय नावाचा एक बर्फावर उडी मारणारा गडी जर्मनीत उताराच्या टोकावरून असा काही कोसळला की, ए.बी.सी.ने ते कोसळणं आपल्या साप्ताहिक कार्यक्रमाच्या सुरुवातीला वर्षानुवर्षं दाखवलं. पराभवाची वेदना म्हणजे हा माणूस! त्या बिचाऱ्याला आपण अमेरिकेत घरोघरी माहीत आहोत याचा पत्ताच नव्हता. आमच्याकडेही एका खातेदाराची चुकलेली सही नमुना म्हणून नव्या लोकांना दाखवतात. त्यालाही माहीत नाही.

हे सगळं मी सांगतोय ते एका कामासाठी. मी त्या सोफ्यावर बसलो होतो तो बेसबॉलसाठी नव्हे. पॅरिसला ऑलिंपिक चालू होतं आणि सात ऑगस्टला तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत होती. त्यात अविनाश साबळे धावणार होता. गाव मांडवा, तालुका आष्टी, जिल्हा बीड. म्हणजे आमचा तालुका!

स्टीपलचेस म्हणजे अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. ज्या आष्टीत उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते तिथल्या पोराने पाण्यावरून उडी मारायची शर्यत निवडावी, यातली गंमत मी शाखेत पुष्कळांना सांगितली आहे. साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्याची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला याच शर्यतीत दहावी आली होती. पाणी दिसलं की ओलांडून पुढे पळायचं, ही सवय आपल्याकडे टँकरच्या रांगेत लागत असावी.

अविनाशची गोष्ट अमेरिकन टीव्हीला हवी तशीच आहे. आईबाप शेतकरी, वीटभट्टीवरही राबलेले. शाळा सहा किलोमीटरवर आणि एस.टी.चा पत्ता नाही, म्हणून पायी नाहीतर पळत. बारावीनंतर फौजेत, महार रेजिमेंट. सियाचीनचा बर्फ आणि राजस्थानची वाळू दोन्ही अनुभवलेली. २०१८ मध्ये गोपाळ सैनी यांचा सदतीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला, तेव्हापासून स्वतःचेच विक्रम मोडत आला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत तो पाच शतांश सेकंदाने दुसरा आला. १९९८ पासून तिथली तिन्हीच्या तिन्ही पदकं केनियावाले घरी नेत होते.

आता माझी बाजू सांगतो, कारण डेबिट दाखवलं की क्रेडिटही दाखवावं लागतं. त्या तालुक्यात मी तेरा वर्षं नोकरी केली. पीककर्जाच्या तपासणीला किती गावं पालथी घातली. पण मांडव्याला कधी गेलो नाही. हा मुलगा आपला आहे हे मला टीव्हीनेच सांगितलं. न्यू जर्सीत मात्र मी असा छाती काढून बसलो होतो की, जणू त्याचं पहिलं बचत खातं मीच उघडलंय.

शर्यत तिथल्या वेळेने दुपारी पावणेचारच्या सुमारास होती. यादी आली तेव्हा भाच्याने वाचलं, “सेबल.” मी उखडलो. सेबल म्हणजे ज्याच्या कातड्याचे कोट करतात तो केसाळ प्राणी. “साबळे म्हण!” तो म्हणाला, “साऽब्ले.” हे ठीक होतं. ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

आणि काय सांगू! बंदूक वाजली आणि पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे आमचा गडी! एवढ्या मोठ्या पडद्यावर, एवढा मोठा! मी लाह्यांच्या पातेल्यासकट उभा राहिलो. दाजीसुद्धा उभे राहिले, आणि ते सहसा जेवायलाच उठतात.

मग इथिओपियाचे पुढे आले, आणि साबळे पडद्यावरून गेला तो गेलाच. कॅमेरा पुढच्यांबरोबर धावायला लागला. मी पडद्याच्या डाव्या कडेला डोळे लावून बसलो. वळणावर मागची रांग क्षणभर दिसे, त्यात एखादा खांदा, एखादं डोकं. “तो बघ!” “तो नाही, तो दुसरा.” शेवटच्या फेरीत केनेथ रूक्स नावाचा अमेरिकन मागून आला आणि एकदम सगळ्यांच्या पुढे! समालोचकांचा आवाज छताला लागला. इथिओपियाचा लमेचा गिरमा अडथळ्याला अडखळून वाईट पडला. मोरोक्कोचा एल बक्काली पहिला, रूक्स दुसरा, केनियाचा किबिवोट तिसरा. हा किबिवोट म्हणजे बर्मिंगहॅमला अविनाशच्या पाच शतांश पुढे असलेला तोच.

रूक्सचं कौतुक मलाही आहे. एक वर्ष आधी राष्ट्रीय स्पर्धेत हा गडी मधेच पडला, उठला आणि जिंकला. पण पॅरिसला येईपर्यंत त्याची सर्वोत्तम वेळ होती ८:१५ च्या आसपास आणि अविनाशची ८:०९.९१. म्हणजे कागदोपत्री आमचा गडी त्याच्या पुढे होता! निकालाची पाटी आली तेव्हा कळलं : साबळे, अकरावा, ८:१४.१८. ऑलिंपिकच्या या अंतिम शर्यतीत पोचलेला पहिला भारतीय पुरुष, आणि तो बाकीच्या फेऱ्या कशा धावला हे मला ठाऊक नाही. पाण्याचे सात खड्डे त्याने कसे ओलांडले? कुठे मागे पडला? पुन्हा जोर केला का? आमच्याकडे ओपनिंग बॅलन्स आणि क्लोजिंग बॅलन्स दाखवून मधल्या नोंदी लपवल्या तर इन्स्पेक्शनवाले उचलून नेतात.

मी दाजींवर भडकलो. म्हटलं, हा तुमचा टीव्ही! २०२२ च्या जुलैत ओरेगनला जागतिक स्पर्धा झाली, तेव्हाही हेच. याच शर्यतीची अंतिम फेरी चालू असताना एक कॅमेरामन चक्क धावपट्टीवर उभा होता. धावपटूंकडे पाठ करून! गडी येताहेत, त्याला चुकवून जाताहेत, आणि हा भलतंच काहीतरी टिपतोय. अविनाश त्याही शर्यतीत होता, तिथेही अकरावाच. अमेरिकेत धावायचं तर अठ्ठावीस अडथळे, सात खड्डे आणि एक कॅमेरामन!

दाजी शांतपणे म्हणाले, “अरे, पण ही चित्रं अमेरिकेची नाहीतच.” त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ऑलिंपिकच्या समितीची स्वतःची प्रक्षेपण संस्था आहे, २००१ मध्ये काढलेली. मूळ चित्रण ती करते आणि तेच सगळ्या देशांना जातं. एन.बी.सी.वाले आपले थोडेफार कॅमेरे लावतात, बाकी आवाज आपला घालतात. म्हणजे बडबड अमेरिकेची, पण चित्र सगळ्यांचं एकच. मला हे पटेना. एवढा चांगला राग असा फुकट घालवायचा म्हणजे काय?

तेवढ्यात आष्टीहून आईचा फोन आला. तिकडे रात्रीचा दीड वाजून गेला होता.

“आरं, गडी दिसला का?”

“पहिल्या फेरीत दिसला. नंतर नाही.”

“आमच्याकडं बी तेवढाच दिसला. मला वाटलं, तू तिकडं गेलाच हाईस, तिकडं जवळून दावत असतील.”

“नाही गं.”

“अकरावा आला म्हणं. जगात अकरावा म्हणजे काय थोडं झालं का? बरं, ते पोरगं पडलं ना, उचलून नेलं ते, त्याचं काय झालं? इथं कुणी सांगंना.”

इथेही कुणी सांगितलं नव्हतं; निदान आम्ही ऐकलं नव्हतं, कारण आम्ही कडेचे खांदे मोजत होतो. भाच्याने फोनवर शोधाशोध केली. गिरमा शुद्धीवर आहे, डॉक्टर तपासताहेत, एवढं सापडलं. मी आईला सांगितलं.

“शुद्धीवर हाय ना? मग झालं,” ती म्हणाली. “त्याच्या आईला कुणी कळवलं असंल का?”

मी म्हटलं, कळवलं असेल. मग तिने ताईला दोन मिनिटं दे म्हणून सांगितलं.